दुकानाची यादी, शेतातलं औषध आणि एआय

नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव. टोमॅटोचा हंगाम भरात आला की या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर गर्दी असते आणि मालकाच्या व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो येत असतात. खाली दोनच शब्द: ‘काय मारू?’ याचं पहिलं उत्तर एआय सहायकाने द्यावं आणि त्यासाठी दुकानातल्या मालाची यादी त्याला जोडावी, हा विचार दुकानदाराच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या मनात येणं साहजिक आहे. विचार चांगलाच आहे. मात्र त्याभोवती काही गैरसमज आहेत, आणि इथे गैरसमजाची किंमत पिकावर आणि माणसाच्या तब्येतीवर पडते.

पहिला गैरसमज असा की एआयला सगळं येतंच, यादी कशाला जोडायची? भाषेचं मॉडेल आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरावर तयार होतं. द्राक्षावरच्या भुरीसाठी डिनोकॅपची शिफारस वर्षानुवर्षं छापली गेली. २०२३ च्या आदेशाने केंद्र सरकारने डिनोकॅप, डायकोफॉल आणि मिथोमिलवर बंदी आणली. जुने लेख आणि पुस्तिका मात्र जागच्या जागी आहेत. नुसत्या आठवणीवर बोलणारा सहायक बंद झालेलं औषध अगदी आत्मविश्वासाने सुचवू शकतो. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये आणलेल्या महाविस्तार ॲपवर हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला मराठीत मिळतो, ही मोठी सोय आहे. पण मंचरच्या एखाद्या दुकानात आज कोणती बाटली शिल्लक आहे, हे त्या दुकानाच्या यादीलाच ठाऊक.

‘यादी जोडायची म्हणजे एआयला ती शिकवायची, आणि ते आपल्या आवाक्यातलं काम नाही’, असंही बोललं जातं. प्रत्यक्षात शिकवावं काहीच लागत नाही. प्रश्न आला की सहायक यादीत शोधतो, सापडलेल्या नोंदी समोर ठेवतो आणि त्यांच्या आधाराने उत्तर लिहितो. सकाळी भाव किंवा साठा बदलला की दुपारच्या उत्तरात तो दिसतो. अशा जोडणीसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत जाहीर केली. त्यामुळे प्रत्येक सहायकासाठी वेगळा सांधा बनवण्याची गरज बरीच कमी झाली.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ‘यादी आहेच की आमच्याकडे, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये.’

ती यादी बिलासाठी केलेली असते. तिच्यात ‘इमिडा १०० मिली’ आणि ‘इमिडा ७०’ अशा नोंदी असतात. काउंटरवरच्या माणसाला त्या पुरतात, कारण तो बाटली हातात घेऊन बघतो. सहायकाला बाटली दिसत नाही. इमिडाक्लोप्रिड बाजारात १७.८ टक्के एसएल या द्रवरूपात मिळतं आणि ७० टक्के डब्ल्यूजी या दाणेदार रूपातही. दुसऱ्यात मूळ घटक जवळपास चौपट. अर्थाने जवळचा मजकूर शोधणाऱ्या पद्धतीला या दोन ओळी जवळजवळ एकच वाटतात. एकीची मात्रा दुसरीला लागली तर फवारणी एकतर चौपट जहाल होते किंवा चौथ्या हिश्श्याची, म्हणजे वाया. म्हणून घटकाचं नाव, टक्केवारी आणि प्रकार या तीन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत हव्यात आणि त्यांचा शोध तंतोतंत जुळवूनच व्हायला हवा. पुढे आणखी रकाने लागतात: लेबलवर कोणत्या पिकाला आणि कोणत्या किडीला मंजुरी आहे, मात्रा किती, बॅच कोणती, मुदत कधी संपते आणि पीएचआय किती, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं.

पीएचआयच्या रकान्यावर मी अडून बसेन. टोमॅटोचे तोडे सुरू झाले की ते काही दिवसांच्या अंतराने होतच राहतात. तेव्हा औषध कोणतं यापेक्षा पुढच्या तोड्यापर्यंत ते उतरेल का, हा प्रश्न मोठा. जुन्नरचा द्राक्ष बागायतदार हे चांगलं ओळखतो, कारण निर्यातीचा माल अवशेष तपासणीत अडकतो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षासाठी औषधांची यादी पीएचआयसह प्रसिद्ध करतं. बागायतदार तिला ॲनेक्शर ५ म्हणतात. द्राक्षाचा रकाना तिच्यावरून भरावा, टोमॅटो-कांद्याचा बाटलीवरच्या मंजूर लेबलवरून. अडलं तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे.

बारकोड स्कॅन केला की हे सगळं आपोआप येईल, अशी आशा कुणी धरू नये. साध्या बारकोडमध्ये फक्त वस्तूचा क्रमांक असतो. बॅच आणि मुदत त्यात नसते.

‘एकदा जोडलं की चूक होणार नाही’ हेही खरं नाही. रकाना रिकामा असला तर सहायक जुन्या आठवणीतून तो भरून काढू शकतो, आणि ते उत्तरही तितक्याच सफाईदार मराठीत येतं. त्याला बजावून ठेवावं लागतं: यादीत नसेल तर ‘माझ्याकडे ही माहिती नाही, दुकानात फोन करा’ एवढंच लिही. आणि हे पाळलं जातंय का, ते मुद्दाम रिकाम्या रकान्याचे प्रश्न विचारून दुकानदाराने स्वतः तपासावं. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, विक्रीचा परवाना दुकानदाराच्या नावाने असतो. सहायकाने सांगितलं म्हणून जबाबदारी त्याच्याकडे सरकत नाही. जास्त नफ्याचा माल पुढे करायला सहायकाला शिकवणं तर मला सरळ विश्वासघात वाटतो.

उधारीची वही बाहेर जाईल, ही भीती मात्र रास्त आहे, पण ती टाळता येते. सहायकाला पूर्ण सॉफ्टवेअर उघडून द्यायचंच नाही. साठा बघणं, भाव बघणं, लेबल बघणं एवढ्याच खिडक्या द्यायच्या, त्याही फक्त वाचण्यापुरत्या. गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर आणि येणं-बाकी यांचा त्या खिडक्यांशी संबंधच ठेवायचा नाही.

राहिला भाषेचा मुद्दा. आपली बोली त्याला कळणार नाही म्हणून नाउमेद व्हायचं कारण नाही. ‘कांद्याला पीळ पडलाय’, ‘टमाट्यात नागअळी दिसतीय’ हे शब्द रोगाच्या आणि किडीच्या नोंदीशेजारी लिहून ठेवले की शोध बराच नेमका लागतो. हे शब्द कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात. ते काउंटरवर रोज कानावर पडतात. सगळी मांडणी एका दमात भरायची गरजही नाही. टोमॅटोवर लेबल असलेल्या औषधांपासून सुरुवात करावी, बाटली समोर ठेवून एकेक रकाना भरावा, आणि तेवढी यादी पक्की झाल्यावरच कांद्याकडे वळावं.