नित्य शास्त्रवाचन



गेल्या सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशीं आपल्याच शाळेंतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, उद्यां गणिताचा पेपर आहे, कोणतें वचन वाचूं म्हणजे तो सोपा जाईल?" मीं त्यास गणिताचें पुस्तक वाचावयास सांगितलें. तो हिरमुसला होऊन गेला आणि मागाहून मलाच वाईट वाटलें. पवित्र शास्त्र रोज वाचावें असें आम्ही वडील माणसें मुलांस नेहमीं सांगतों. परंतु त्यापासून मार्गदर्शन मिळतें म्हणजे नेमकें काय होतें, हें क्वचितच सांगतों. मग मुलांनीं त्यास ताईत समजावें यांत नवल तें काय?

आपल्या महाराष्ट्रांत या ग्रंथाचें वाचन ज्यांनीं मनापासून केलें त्यांची उदाहरणें पाहिलीं तर असें दिसतें कीं, तेथें घाई कोठेंच नाहीं. कविवर्य नारायण वामन टिळक यांस १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें नवा करार दिला. त्यांनीं तो वाचला, तपासला, मनाशीं वाद घातला. आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८९५ च्या फेब्रुवारींत. पंडिता रमाबाईंस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत प्रथम हातीं लागली ती आसामांत, सिल्चर येथें, स्वतःच्याच घरच्या ग्रंथसंग्रहांत. १८८२ सालीं पतीचें निधन झालें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही, आपणांस धर्म सांपडला पण ख्रिस्त सांपडावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं, अशा आशयाचें त्या स्वतःच लिहून गेल्या आहेत. एवढ्या विदुषीस जर इतकीं वर्षें लागलीं, तर परीक्षेच्या आदल्या रात्रीं आपणांस काय मिळणार?

मार्गदर्शन म्हणजे प्रश्नाची चिठ्ठी टाकून उत्तराची चिठ्ठी काढणें नव्हे. रोज थोडें थोडें वाचलेलें मनांत मुरतें आणि प्रसंग आला म्हणजे आपोआप वर येतें. वाशी स्टेशनच्या जिन्यावर गर्दींत कोणी घेरी येऊन पडला, तर पुस्तक उघडण्यास तेथें वेळ नसतो. लूकच्या दहाव्या अध्यायांतील शोमरोनी ज्याच्या मनांत आधींच घर करून बसला आहे, त्याचे पाय थबकतात. इतरांचे पाय गाडीकडे धांवतात. (माझेही अनेकदां धांवले आहेत, हें कबूल केलें पाहिजे.)

डोळे मिटून पुस्तक उघडावें व जेथें बोट पडेल तें वचन आपलें, ही रीत कित्येक घरीं आहे. ती मला पसंत नाहीं. पण मीं ती केली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझे वडील मुंबईच्या एका इस्पितळांत होते. शस्त्रक्रिया करावी किंवा न करावी, हें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांगावयाचें होतें. गाडी वाशीच्या खाडीवरील पुलावर आली तेव्हां मीं डोळे मिटून बोट ठेविलें. निघाली ती इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांतील वंशावळ! तेथें नऊ अध्याय बहुतेक नांवेंच आहेत. निर्णय अखेर डॉक्टरांस नीट विचारून व आईशीं बोलून केला. शस्त्रक्रिया झाली. वडील पुढें बाराच दिवस जगले.

त्या बारा दिवसांत मी जातां येतां स्तोत्रसंहिता क्रमानें वाचीत होतों. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र आलें. दुःखाचीं बहुतेक स्तोत्रें शेवटीं आशेकडे वळतात. हें वळत नाहीं, अंधारांतच संपतें. तें वाचून मला धीर आला, हें चमत्कारिक वाटेल. परंतु असा आक्रोशही शास्त्रांत ठेविला आहे, तो कोणी गाळला नाहीं, हें पाहून वडिलांच्या उशाशीं बसून खोटी उमेद दाखविण्याची मला गरज उरली नाहीं. आम्ही खरें बोललों.

सामर्थ्याचा विचार करतांना मला पुन्हां रमाबाईच आठवतात. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर चालविलें होतें. स्वतः संस्कृतांत पारंगत असून खेड्यांतल्या बायकांस कळेल अशी साधी मराठी त्यांनीं योजिली. छपाईचें काम तेथल्याच मुलीं-बायकांनीं केलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई स्वतः गेल्या, आणि तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. छापलेला ग्रंथ त्यांनीं पाहिला नाहीं.

आतां वाचावें कसें? सबंध ग्रंथांत ६६ पुस्तकें व ११८९ अध्याय आहेत. रोज सव्वातीन अध्याय वाचले तर वर्षांत तो पुरा होतो. पण आरंभींच असा संकल्प करणारे बहुतेक लेवीयाच्या पुस्तकाशीं येऊन थांबतात. त्यापेक्षां मार्कापासून आरंभ करावा. तें सर्वांत लहान शुभवर्तमान, अध्याय सोळाच. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ असल्यामुळें महिन्याच्या तारखेप्रमाणें एकेक वाचतां येतो. कळलें नाहीं तेथें पेन्सिलीनें खूण करावी व शिक्षकांस, आजीस, जो भेटेल त्यास विचारावें. ज्या घरीं ज्ञानेश्वरीचें किंवा कुराणाचें नित्य पठन होतें, तेथल्या मुलांस ही शिस्त सांगावयास नको. पालकांस मात्र एक विनंति: वाचन ही शिक्षा करूं नये. मुलगा खोटें बोलला म्हणून त्यास स्तोत्र पाठ करावयास लाविलें, तर तें स्तोत्र त्याला जन्मभर कडू लागेल.

तो विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हां आला. मीं त्यास मार्कचें पुस्तक दिलें. परवां तो चौथ्या अध्यायांतील वादळाविषयीं विचारीत होता, कीं नाव हेलकावत असतांना येशूला झोंप लागली तरी कशी? आम्ही मधल्या सुट्टीभर त्यावर बोलत बसलों. गणितांत त्यास किती गुण पडले, तें विचारावयाचें राहूनच गेलें.