ऑर्गनॉइड आणि हायड्रोजेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लखनौची केंद्रीय औषधी संशोधन संस्था 1951 साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये सुरू झाली. 'सहेली' ही गर्भनिरोधक गोळी याच संस्थेची देणगी. असे कोणतेही नवे औषध आधी पेशींवर, मग प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर तपासायचे, हा जगभरचा शिरस्ता. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली आणि मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडवरच्या चाचण्यांनाही औषध तपासणीत जागा मिळाली. उद्या आपल्या घरात येणाऱ्या औषधांशी हा विषय जोडला गेला आहे, म्हणून त्याची नीट माहिती हवी.

गैरसमज : ऑर्गनॉइड म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला अवयव.

वस्तुस्थिती : ऑर्गनॉइड हा मूळपेशींपासून (स्टेम सेल) वाढलेला, जेमतेम काही मिलिमीटरचा पेशीसमूह असतो. 2009 मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून आतड्याच्या अस्तरासारखी रचना वाढवली. तिला रक्तवाहिन्या नव्हत्या. रक्तपुरवठा नसला की प्राणवायू फार आत पोचत नाही आणि मोठ्या गोळ्याच्या मध्यभागच्या पेशी मरू लागतात. अशी रचना रोग समजून घ्यायला आणि औषध तपासायला उपयोगी पडते. निकामी यकृताची जागा ती घेऊ शकत नाही.

गैरसमज : ऑर्गनॉइड ज्यात वाढवतात ते जेल म्हणजे पेशींना नुसता टेकू.

वस्तुस्थिती : हायड्रोजेल हे भरपूर पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे (पॉलिमरचे) जाळे. ते किती ताठ आहे, हे पेशींना जाणवते. 2006 मध्ये डेनिस डिशर यांच्या गटाने अस्थिमज्जेतल्या मूळपेशी कमीजास्त ताठ जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूंच्या, तर त्याहून कडक जेलवर हाडांच्या. जेल बदलले की पेशींचे वागणे बदलते, आणि चाचणीचा निष्कर्षही बदलू शकतो.

गैरसमज : नैसर्गिक जेल चांगले, कृत्रिम जेल धोक्याचे.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त वापरले जाणारे 'मॅट्रिजेल' उंदराच्या गाठीपासून काढतात. त्यात 1,800 हून अधिक प्रथिने आढळली आहेत आणि प्रत्येक घाण्यात त्यांचे प्रमाण बदलते. हाताळणीही नाजूक : बाटली बर्फात ठेवायची, पिपेटची टोकेसुद्धा आधी गार करायची, जरा ऊब लागली की जेल टोकातच घट्ट होऊन बसते. कृत्रिम जेल बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे असते. हाच पदार्थ बद्धकोष्ठावरच्या औषधातही असतो. पेशींना धरायला जागा मिळावी म्हणून त्यात प्रथिनांचे छोटे तुकडे जोडतात. काय आणि किती घातले याचा हिशेब हातात असतो. 2016 मध्ये लोझानच्या मथियास ल्युटोल्फ यांच्या गटाने अशा जेलमध्ये आतड्याच्या मूळपेशी वाढवल्या. त्यांची संख्या वाढायला ताठ जेल लागले, ऑर्गनॉइड घडायला मऊ.

गैरसमज : हे सगळे परदेशातले विज्ञान.

वस्तुस्थिती : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांनी जेलवर मूलभूत काम केले. तिथेच पीएच.डी. केलेल्या डॉ. शायनी वर्गीस पुढे अमेरिकेत मूळपेशींसाठी हायड्रोजेल घडवू लागल्या. कापल्यावर आपोआप सांधणाऱ्या हायड्रोजेलवरच्या 2012 च्या शोधनिबंधात या तिघांचीही नावे आहेत.

गैरसमज : आता मूळपेशींनी कोणताही आजार बरा होतो.

वस्तुस्थिती : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती ठरावीक आजारांसाठीच्या रक्त-मूळपेशींच्या प्रत्यारोपणाला. बाकी वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. घरातल्या आजाऱ्यासाठी माणूस दागिने मोडायलाही तयार होतो आणि त्या आशेचा बाजार मांडणारे टपलेलेच असतात. कुणी मान्यता नसलेला मूळपेशींचा उपचार सुचवला, तर पैसे भरण्याआधी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मधला नोंदणी क्रमांक मागा. ही नोंद संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. क्रमांक मिळाला नाही, तर सही करू नका.