सौद्यानंतरचे दिवस

शेअर बाजारात सौदा क्षणात ठरतो, पण शेअर आणि पैसे यांची अदलाबदल त्यानंतर होते. मधल्या काळात विकणाऱ्याच्या हाती पैसे नसतात, घेणाऱ्याच्या हाती शेअर नसतात. दोघांकडे असतो तो फक्त शब्द. जमिनीच्या व्यवहारात साठेखत आणि खरेदीखत यांच्यामधला काळ जसा भांडणांना सुपीक, तसाच हाही. बाजाराच्या भाषेत या अदलाबदलीला सौदापूर्ती म्हणतात. नियमन म्हटले की धाडी, दंड आणि बंदीहुकूम आठवतात, कारण बातम्या त्यांच्याच होतात. सत्यम कंपनीसारखी हिशेबातली लबाडी किंवा आतल्या माहितीवर केलेली खरेदी ही प्रकरणे वेगळी आहेत. पण मुंबईच्या बाजाराला हादरवणारे बरेचसे घोटाळे याच मधल्या दिवसांत शिजले. नियामकांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणून दाखवायचे झाले, तर तेही या दिवसांशीच निगडित आहे.

पहिला मोठा धडा १८६५ सालचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात आलेला पैसा नव्या बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरकडे वळला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. यातले बरेचसे सौदे मुदतीचे होते: भाव आज ठरवायचा आणि देणेघेणे पुढच्या तारखेला करायचे. शेकडो सौद्यांची अशी तारीख होती १ जुलै १८६५. त्याआधीच युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरही. तारीख उजाडली तेव्हा पैसे चुकते करू शकणारे फार थोडे उरले होते. पुढे खुद्द बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, दलालांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. नियम दलालांनी केले आणि अंमलही त्यांनीच केला. मुंबई सरकारने १९२५ मध्ये रोख्यांच्या सौद्यांवर नियंत्रणाचा कायदा आणला, स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या बाजाराला त्याखाली मान्यता मिळाली. कागदोपत्री अधिकार दिल्लीकडे गेले, पण रोजचा कारभार दलालांच्या संचालक मंडळाच्या हातीच राहिला. नव्या शेअरची किंमत ठरवण्यासाठी मात्र १९४७ च्या कायद्याने नेमलेला स्वतंत्र अधिकारी होता. कंपनीने शेअर कितीला विकावा हे सरकार ठरवत होते. तो विकला गेल्यावर बाजारात त्याचे काय होते, याकडे फारसे कोणी पाहत नव्हते.

१९६९ मध्ये सरकारने वायद्याच्या सौद्यांवर बंदी घातली. सट्टा त्यामुळे थांबला नाही. त्याने ‘बदला’ नावाचा मार्ग काढला. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. समजा एकाने एका कंपनीचे १०० शेअर ५०० रुपयांना घेतले. पंधरवड्याच्या शेवटी ५० हजार रुपये भरून शेअर उचलायचे, असा नियम. पण त्याला शेअर उचलायचे नसतात, भाव वाढण्याची वाट पाहायची असते. पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी बाजार एक भाव जाहीर करी, त्याला हवाला दर म्हणत. तो ५२० असेल, तर या तेजीवाल्याला फरकाचे २ हजार रुपये मिळत आणि त्याचा सौदा ५२० च्या भावाने पुढच्या पंधरवड्यात ओढला जाई. विकणाऱ्याचे पैसे तिसराच माणूस भरी. तो बदलीवाला, आणि त्याला मिळणारे व्याज म्हणजे बदला. पैशांऐवजी शेअरचीच टंचाई असली, तर उलट मंदीवाल्याला पैसे मोजावे लागत. तो उंधा बदला. असा सौदा पंधरवड्यामागून पंधरवडे ओढत नेता येई.

बदला म्हणजे फसवणूक, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. हाताशी थोडी रोकड असलेल्या अनेक कुटुंबांना त्यातून बरे व्याज मिळे आणि बाजारात उलाढालही राही. बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने डिसेंबर १९९३ मध्ये बदला बंद केला, पण दोन-तीन वर्षांतच जी. एस. पटेल समितीच्या शिफारशीनंतर तो सुधारित रूपात परत आणावा लागला, यावरून त्याची गरज किती मुरलेली होती ते दिसते. अडचण वेगळीच होती. कोणत्या दलालावर किती देणे साचले आहे, ते बाहेरून दिसत नसे. सौदापूर्तीची तारीख पुढे ढकलता येत होती, म्हणून दिवाळखोरीही पुढे ढकलता येत होती.

‘सेबी’, म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, १२ एप्रिल १९८८ रोजी स्थापन झाले, पण सुरुवातीला त्याच्या हाती कायद्याचे बळ नव्हते. ते ३० जानेवारी १९९२ च्या वटहुकमाने मिळाले. त्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच २३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून शेअर दलाल हर्षद मेहता याचे प्रकरण उघड केले. हा घोटाळा मुळात शेअरचा नव्हता, बँकांमधल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारांचा होता. एक बँक दुसरीला रोखे विकी आणि प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देऊ’ अशी पावती देई. मध्ये दलाल असे. काही पावत्यांमागे रोखेच नव्हते, आणि एका बँकेकडून दुसरीकडे जायचा पैसा दलालाच्या खात्यात जमा होई. तो तिथून शेअर बाजारात गेला आणि निर्देशांक काही महिन्यांत दोन हजारांच्या आसपासून चार हजारांच्या वर चढला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने हा घोळ सुमारे चार हजार कोटींचा असल्याचे काढले. बाजार वेगळा, नियामकही वेगळा. पण फट तीच, शब्द दिल्यापासून वस्तू हाती पडेपर्यंतची.

त्याच वर्षी नव्या शेअरच्या किमती ठरवणारे सरकारी कार्यालय बंद झाले आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची स्थापना झाली. त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक डॉ. रा. ह. पाटील. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे शेअरचे व्यवहार सुरू झाले, ते उपग्रहाने जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर. दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला आरडाओरडा, हातवारे आणि सौद्याच्या वह्या यांची सद्दी त्यामुळे संपत आली. मुंबई शेअर बाजारानेही पुढच्या वर्षी पडदा स्वीकारला. भाव देशभर एकाच वेळी दिसू लागले, हा या बदलाचा उघड फायदा. खरा पाया मात्र १९९६ मध्ये घातला गेला, आणि तोही दोन ठिकाणी.

पहिला म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशन. सौदा झाला की ही संस्था मध्ये उभी राहते. विकणाऱ्यासाठी तीच घेणारी होते आणि घेणाऱ्यासाठी तीच विकणारी. समोरच्या दलालाने पैसे बुडवले तरी आपले येणे संस्थेकडून मिळणार, म्हणून समोर कोण आहे याची चौकशी करायची गरज उरत नाही. संस्था मात्र ती करते: प्रत्येक दलालाकडून आगाऊ अनामत घेते आणि भाव हलेल तशी ती वाढवते.

दुसरा पाया डीमॅटचा. त्याआधी शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र. विकणाऱ्याने हस्तांतरणाच्या अर्जावर सही करायची, ती कंपनीच्या दप्तरातल्या सहीशी जुळायची, आणि जुळली नाही तर सगळे कागद महिन्यांनी परत यायचे. याला बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. टपालात हरवलेली, चोरलेली, बनावट प्रमाणपत्रे ही रोजची डोकेदुखी होती. १९९६ च्या कायद्याने शेअर खात्यातल्या नोंदीच्या रूपात ठेवायची सोय झाली आणि त्याच वर्षी ‘एनएसडीएल’ ही पहिली डिपॉझिटरी सुरू झाली. तिची उभारणी करणारे चंद्रशेखर भावे हे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी; पुढे ते ‘सेबी’चे अध्यक्ष झाले. कागद नाहीसा झाला, म्हणूनच पुढचे दिवस कमी करता आले.

तरी १९९० च्या दशकाच्या शेवटी एक विचित्र फट उरलीच होती. मुंबई बाजाराचा सौदापूर्तीचा आठवडा सोमवार ते शुक्रवार, राष्ट्रीय बाजाराचा बुधवार ते मंगळवार. एका बाजारातला आठवडा संपत आला की सौदा दुसऱ्या बाजारात सरकवायचा, आणि पैसे भरण्याची वेळ पुन्हा लांबवायची. २००१ च्या मार्चमध्ये शेअर दलाल केतन पारेख याचे प्रकरण फुटले तेव्हा अशा ओढलेल्या सौद्यांचा डोलारा कोसळला. कोलकाता बाजारात दलालांनी पैसे भरलेच नाहीत. अहमदाबादच्या माधवपुरा सहकारी बँकेच्या मुंबईतील मांडवी शाखेने पुरेसा पैसा नसताना दिलेल्या पे-ऑर्डर दुसऱ्या बँकेत वटवल्या गेल्या होत्या. १९९२ ची पावती इथे पे-ऑर्डर होऊन आली होती, एवढेच.

या वेळी ‘सेबी’ने मुळावरच घाव घातला. २ जुलै २००१ पासून बदला बंद झाला आणि प्रमुख शेअरसाठी रोजच्या रोज सौदापूर्ती सुरू झाली: सोमवारचे सौदे पुढच्या सोमवारी, मंगळवारचे पुढच्या मंगळवारी, म्हणजे पाच कामाचे दिवस. वर्षअखेरीस सगळे शेअर त्यात आले. एप्रिल २००२ पासून पाचाचे तीन दिवस झाले, एप्रिल २००३ पासून दोन. नंतर जवळजवळ वीस वर्षे तिथेच थांबून, २७ जानेवारी २०२३ रोजी संपूर्ण बाजार एका दिवसावर आला. वेळेच्या फरकामुळे आणि डॉलरचे रुपये करण्याच्या धावपळीमुळे परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी याविषयी नाराजी दाखवली होती. अमेरिका या एका दिवसावर पोहोचली ती मे २०२४ मध्ये. त्याआधी मार्चमध्ये इथे २५ शेअरमध्ये त्याच दिवशी सौदापूर्तीचा ऐच्छिक प्रयोगही सुरू झाला होता.

दिवस कमी झाले तरी शेअर आणि पैसे दलालाच्या हातून जातातच, आणि पुढचा घोळ तिथे झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सेबी’ने कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर बंदीहुकूम काढला, ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे त्यांचे शेअर दोन हजार कोटींहून अधिक रकमेला गैरपणे वापरल्याचा ठपका त्यात होता. त्यानंतर, सप्टेंबर २०२० पासून, अनामतीसाठी शेअर द्यायचे असतील तर ते ग्राहकाच्या खात्यातच राहतात आणि फक्त तारण म्हणून नोंदले जातात. पैशांच्या बाबतीत हाच विचार २००८ पासून नव्या शेअरविक्रीत आला होता. पूर्वी अर्जासोबत भरलेले पैसे आठवडेच्या आठवडे अडकून पडत. आता रक्कम अर्जदाराच्याच बँक खात्यात राखून ठेवली जाते आणि शेअर मिळाले तरच कापली जाते.

नियमनाची बाकीची बाजू परिचित आहे. ‘सेबी’ नियम करते, चौकशी करते आणि निवाडाही देते. तीनही अधिकार एकाच संस्थेकडे असणे काही कायदेतज्ज्ञांना खटकते. तिच्या आदेशावर मुंबईतील प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. कंपनीतली गुप्त माहिती वापरून केलेल्या सौद्यांवर १९९२ पासून नियम आहेत, २०१५ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला की व्यवहार थांबवण्याची व्यवस्था आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने बाजार कोसळला तेव्हा ती दोनदा वापरावी लागली.

बदला गेला, पण पैसे पूर्ण न भरता भावावर पैज लावण्याची हौस गेली नाही. निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्येच आले होते. एकेका शेअरचे वायदे आले नोव्हेंबर २००१ मध्ये, बदला बंद झाल्यावर चारच महिन्यांनी. फरक महत्त्वाचा आहे. इथे देणे पडद्यावर दिसते, अनामत रोज मोजली जाते आणि संपण्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे मोठा दलाल बुडून सगळा बाजार बुडण्याची शक्यता खूपच कमी झाली. बुडतो तो छोटा खेळाडू. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

तेव्हा आता नियामकाचा हात उलट दिशेने चालला आहे. सौदापूर्तीचे दिवस कमी करणाऱ्या ‘सेबी’ला आठवड्याच्या आठवड्याला संपणारे ऑप्शन फारच आखूड वाटू लागले. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकावर साप्ताहिक ऑप्शन ठेवण्याची मुभा उरली आणि निर्देशांकाच्या नव्या सौद्याचा किमान आकार १५ लाख रुपये झाला. पुढच्या मे महिन्यात हे सौदे संपण्याचे वारही मंगळवार किंवा गुरुवार एवढेच ठेवले गेले. सप्टेंबर २०२५ पासून राष्ट्रीय बाजाराकडे मंगळवार आहे, मुंबई बाजाराकडे गुरुवार.