कांडोळाचा डिंक

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात, शौचावाटे रक्त जात राहते. औषधे थकली की सर्जन मोठे आतडे काढतात आणि लहान आतड्याचे टोक पोटावर आणतात; या तोंडाला स्टोमा म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णाचे नवे हाल तिथूनच सुरू होत. उघड्या टोकाची बाहेरची बाजू आतड्यातल्या द्रवाने सुजायची, तोंड आवळायचे, आतडे तुंबायचे, अंगातले पाणी आणि क्षार वाहून जायचे. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी सदऱ्याची बाही दुमडावी तसे ते टोक उलटवून कातडीला शिवले. एवढ्याशा घडीने ही गुंतागुंत पुष्कळ आटोक्यात आली.

कातडीचा प्रश्न मात्र उरलाच. लहान आतड्यातला द्रव पाचक रसांनी भरलेला. तो गोळा करायला टोकावर बसवलेली पिशवी जरा सुटली की भोवतालची कातडी सोलवटून निघे. ओल्या, सोललेल्या कातडीवर पिशवी टिकत नसे, ती गळली की कातडी आणखी सोले. अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलँडला रुपर्ट टर्नबुल यांनी यावर कराया डिंकाची पूड वापरली. कराया म्हणजे आपला कांडोळ: सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरचे, पांढऱ्या गुळगुळीत सालीचे झाड. त्याचा डिंक पाणी शोषून फुगतो आणि ओल्या कातडीलाही चिकटून राहतो. सातपुड्यातल्या झाडाने ओहायोतल्या माणसाला रात्रीची झोप द्यावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल यांना सोबत घेतले. गिल यांनी हा आजार आणि ही शस्त्रक्रिया स्वतः सोसली होती. पिशवी कशी बसवायची, कातडी कशी जपायची हे त्या रुग्णांच्या खाटेशी बसून शिकवत. स्टोमा परिचर्येचे शिक्षण तिथून उभे राहिले. या सगळ्या इतिहासात मला त्यांचेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे पोटावरची पिशवीच टाळायचे प्रयत्न झाले. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी लहान आतड्याचीच थैली, म्हणजे पाउच, करून ती गुदद्वाराला जोडल्याचे प्रसिद्ध केले. अनेकांना ती रिकामी करायला नळी घालावी लागे; जपानच्या उत्सुनोमिया यांच्या ‘जे’ आकाराच्या पाउचने ती अडचण बरीचशी दूर केली. जोड गळून आत पू होण्याचा धोका राहिला, म्हणून तो भरून येईपर्यंत पुष्कळदा तात्पुरता स्टोमा ठेवतात.

आणि पाउचायटिस, थैलीलाच येणारी सूज. बहुतेकांना मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी उतार पडतो. काहींची सूज मात्र जुनाट होते. अशा १०२ रुग्णांवरच्या, व्हेडोलिझुमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले: चौदाव्या आठवड्याला औषधाच्या गटातल्या ३१ टक्क्यांची सूज ओसरली, प्लासिबोच्या गटातल्या १० टक्क्यांची; सिप्रोफ्लॉक्सासिन सुरुवातीला दोघांनाही दिले होते. जुनाट सुजेच्या काही रुग्णांना अखेर पाउच सोडून पोटावरच्या स्टोमाकडेच परतावे लागते, ब्रूक यांच्या त्या दुमडलेल्या टोकाकडे.