वर्गात कोणते पुस्तक वाचावे? अमेरिकेतील हायस्कूल आणि अभिजात साहित्याचा वाद

१९६६ च्या जानेवारीत अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या हॅनोव्हर काउंटीमधील शाळा मंडळाने ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी अनैतिक ठरवून शाळांतून हटवण्याचा निर्णय घेतला. लेखिका हार्पर ली यांनी रिचमंडच्या एका वृत्तपत्राला पत्र पाठवले. मंडळाच्या सदस्यांना मुळात वाचता तरी येते का, अशी शंका त्यांनी त्यात व्यक्त केली होती. सोबत थोडे पैसेही होते. मंडळाला एखाद्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात दाखल करण्यासाठी ते खर्च करावेत, अशी सूचना लेखिकेने केली होती.

२०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मुकिल्टिओ या गावच्या शाळा मंडळाने हीच कादंबरी नववीच्या सक्तीच्या वाचनातून काढली. या वेळी मागणी शिक्षकांकडून आली होती आणि कारण नेमके उलटे होते. १९६६ मध्ये आक्षेप घेणाऱ्यांना ही कादंबरी समाजाच्या रीतीभातींना धक्का देणारी वाटली होती. २०२२ मधील शिक्षकांच्या मते तो धक्का अपुरा, आणि तोही चुकीच्या बाजूने बसणारा होता. पुस्तक तेच, मजकूर तोच. मग बदलले काय, हे समजण्यासाठी अमेरिकी हायस्कूलच्या इंग्रजीच्या तासाला नेमके काय घडते, हे पाहावे लागते.

हायस्कूल म्हणजे तिकडे नववी ते बारावी, साधारण चौदा ते अठरा वर्षे वय. ‘इंग्लिश’ हा विषय तेथे परभाषा म्हणून शिकवला जात नाही. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या शाळेत मराठीच्या तासाला जे स्थान आहे, तेच तेथे इंग्रजीच्या तासाला. व्याकरण आणि शब्दार्थ बहुतांशी मागच्या इयत्तांत उरकलेले असतात. हायस्कूलची चार वर्षे मुख्यतः अखंड पुस्तके वाचण्यात आणि त्यांवर लिहिण्यात जातात. देशभरासाठी एकच पाठ्यपुस्तक नाही. राज्य सरकार अपेक्षित क्षमता ठरवते, पुस्तके स्थानिक शाळा मंडळ मंजूर करते आणि त्यांतून निवड शिक्षक करतात. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या मानकांतही सक्तीची ग्रंथसूची नाही. अकरावी-बारावीत शेक्सपियरचे किमान एक नाटक आणि एका अमेरिकी नाटककाराचे एक नाटक असावे, इतकेच त्यात सांगितले आहे.

इतके स्वातंत्र्य असूनही निवड मात्र आश्चर्य वाटावे इतकी एकसारखी होत आली. आर्थर ॲपलबी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सरकारी शाळांतून सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या दहा पुस्तकांत चार नाटके एकट्या शेक्सपियरची होती: ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, ‘मॅकबेथ’, ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘हॅम्लेट’. उरलेल्या सहा कादंबऱ्या. दहांच्या यादीत लेखिका एकच, हार्पर ली. आणि कृष्णवर्णीय लेखक एकही नाही.

ही यादी कोणत्याही समितीने बसून तयार केलेली नव्हती. ती साचत गेली. शिक्षक स्वतः जे शिकला तेच शिकवतो. शाळेच्या कोठीत ज्या पुस्तकाच्या तीस-पस्तीस प्रती पडून असतात, तेच पुढच्या वर्षीही बाहेर निघते. आकारालाही महत्त्व आहे. जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ जेमतेम शंभर पानांची आहे, आणि तिच्या लोकप्रियतेत या गोष्टीचा वाटा नाही असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. कधी निव्वळ योगायोगही कामी येतो. स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ मध्ये आली तेव्हा तिचा खप निराशाजनक होता. १९४० मध्ये लेखक वारला तेव्हा ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटण्यासाठी खिशात मावणाऱ्या आवृत्त्या काढण्यात आल्या. त्यांत ‘गॅट्सबी’च्या सुमारे १,५५,००० प्रती होत्या. युद्धानंतर समीक्षकांनी तिची नव्याने दखल घेतली आणि पाहता पाहता ती हायस्कूलच्या वर्गात स्थिरावली. आज जिला ‘अभिजात’ म्हटले जाते, ती कादंबरी आपल्या लेखकाच्या हयातीत अपयशी होती.

‘ज्युलियस सीझर’ वर्गात येण्याची कारणे वेगळी. पूर्वी अमेरिकी शाळांत लॅटिन शिकवली जाई आणि सीझरने लिहिलेला गॉलच्या युद्धाचा वृत्तांत मुले मूळ भाषेत वाचत. त्यामुळे नाव परिचयाचे होते. नाटक तुलनेने आटोपशीर, शब्दकळा शेक्सपियरच्या मानाने सोपी, आणि पालकांनी भुवया उंचावाव्यात अशी शृंगारिक स्थळे फारशी नाहीत. शिवाय वक्तृत्व हा तेव्हा शाळेत शिकवण्याचा विषय होता आणि या नाटकाच्या मध्यभागी दोन भाषणे आहेत. सुमारे १५९९ मध्ये लिहिले गेलेले हे नाटक दहावीच्या वर्गात बसले ते या व्यावहारिक कारणांनी. टिकले मात्र त्या भाषणांच्या बळावर.

तो प्रवेश वर्गात कसा वाचला जातो, हे थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. सीझरचा खून तिसऱ्या अंकाच्या आरंभीच होतो. त्यानंतर ब्रुटस चौकात जमलेल्या लोकांपुढे खुनाचे समर्थन करतो. त्याचे भाषण गद्यात आहे. वाक्ये मोजून-मापून रचलेली, तर्काला आवाहन करणारी. जमाव इतका भारावतो, की ब्रुटसलाच सीझर करा, असा पुकारा होतो. ज्या माणसाने राजेशाही नको म्हणून खून केला, त्याच्याच डोक्यावर लोक मुकुट ठेवू पाहतात. मग अँटनी उठतो. कट करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही, या अटीवर त्याला बोलू दिलेले असते. अट तो अक्षरशः पाळतो. तो त्यांना पुन्हा पुन्हा प्रतिष्ठित म्हणत राहतो, आणि दर खेपेस त्या विशेषणाचा अर्थ थोडा थोडा उलटत जातो. मृत्युपत्र दाखवतो, पण वाचायला नकार देतो. त्यामुळे लोकच वाचण्याचा आग्रह धरतात. शेवटी सीझरचा रक्ताळलेला झगा उचलून कोणत्या छिद्रातून कोणाचा खंजीर गेला, हे बोट ठेवून सांगतो.

येथे चांगला शिक्षक एकच प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो: खून झाला तेव्हा अँटनी कोठे होता? मुले पाने मागे उलटतात. त्याला आधीच युक्तीने बाहेर नेण्यात आले होते, हे त्यांना मजकुरात सापडते. ज्याने खून पाहिलाच नाही, तो कोणता वार कोणाचा, हे सांगतो आहे. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ही शंका येत नाही. वाचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना पहिल्या वाचनात आलेली नसते. म्हणजे जमावाबरोबर वर्गही फसलेला असतो. निवडणुकीच्या सभा आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या ध्वनिफिती यांच्या काळात पंधरा वर्षांच्या मुलाला याहून उपयुक्त धडा दुसरा क्वचितच मिळेल. नंतरच्या प्रवेशात हाच जमाव सिन्ना नावाच्या एका कवीला ठार मारतो; कटातल्या एकाचे नाव तेच आहे, एवढ्याच कारणाने. रंगमंचावर हा छोटा प्रवेश पूर्वी सर्रास गाळला जाई.

अखंड पुस्तक वाचण्याचा आग्रह का धरला जातो, हे यावरून कळते. अँटनीचे भाषण स्वतंत्र उतारा म्हणून छापले, तर ते वक्तृत्वाचा उत्तम नमुना ठरते. मागचा प्रवेश आणि पुढचा प्रवेश यांच्यामध्ये ठेवले, की ते धोक्याची सूचना ठरते. आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ या १९५३ च्या नाटकाचेही असेच आहे. १६९२ मध्ये सेलम येथे चेटुकाच्या आरोपावरून वीस जणांचे जीव घेतले गेले, त्या खटल्यांवर ते बेतलेले आहे. मिलर मात्र आपल्या काळातल्या कम्युनिस्ट-शोधाविषयी बोलत होते. पुढे संसदीय समितीसमोर सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिल्याबद्दल ते स्वतःच दोषी ठरले. १९५८ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. नाटकाचा नायक शेवटी नेमक्या याच पेचात सापडतो.

अर्थात सगळेच वर्ग असे जिवंत नसतात. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी अमेरिकी मुलालाही परकीच वाटते आणि पळवाटा जुन्या आहेत. नेब्रास्का राज्यातून १९५८ मध्ये ‘क्लिफ्स नोट्स’ या पिवळ्या-काळ्या मुखपृष्ठाच्या मार्गदर्शिका निघू लागल्या. पहिल्या सोळाही पुस्तिका शेक्सपियरच्या नाटकांवर होत्या. आपल्याकडच्या गाइडांचे हे सख्खे भावंड. आता सारांशासाठी तेवढेही पैसे मोजावे लागत नाहीत. संगणक निबंधही लिहून देतो. म्हणून हाताने, वर्गात बसून, पुस्तकातला पुरावा देत उत्तर लिहून घेण्याची जुनी रीत काही शिक्षकांनी पुन्हा सुरू केली आहे.

मुख्य वाद मात्र वेगळा आहे. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मध्ये कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. लेखकाचा रोख गुलामगिरीवर आहे, हे खरे. पण तो शब्द वर्गात मोठ्याने वाचला जातो, तेव्हा तीस मुलांत एखादेच कृष्णवर्णीय मूल असेल, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. २०११ मध्ये अलाबामातील एका प्रकाशनाने त्या शब्दाच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घालून आवृत्ती काढली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. ‘मॉकिंगबर्ड’विषयीचा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. १९३० च्या दशकातील अलाबामा, खोट्या आरोपात अडकवलेला कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सन, त्याची बाजू मांडणारे गोरे वकील ॲटिकस फिंच आणि हे सारे सांगणारी त्यांची लहान मुलगी. तक्रार अशी, की अन्याय टॉमवर होतो आणि मोठेपणा ॲटिकसच्या वाट्याला येतो; टॉमच्या घरात काय चालले असेल, हे कादंबरी फारसे सांगतच नाही. ही तक्रार निराधार नाही. पण ती करता येण्यासाठीही कादंबरी आधी पूर्ण वाचलेली असावी लागते. मुकिल्टिओने पुस्तकावर बंदी घातली नाही. सक्ती काढली आणि शिकवू इच्छिणाऱ्यांना मोकळीक ठेवली. वर्गातील वाचन आणि बंदी यांतला हा फरक बातम्यांत बहुधा हरवतो.

न्यायालयांनीही हा फरक केला आहे. न्यू यॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळा मंडळाच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कौल असा पडला, की केवळ विचार पटत नाहीत म्हणून मंडळाला शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत. तो कौल ग्रंथालयापुरता होता. फ्लोरिडातील एका मंडळाने ॲरिस्टोफेनिसचे ‘लिसिस्ट्राटा’ आणि चॉसरची एक कथा असलेले मानव्यविद्येचे पाठ्यपुस्तक वर्गातून काढले, तेव्हा १९८९ मध्ये अपील न्यायालयाने मंडळाचा अधिकार मान्य केला. निर्णयाचे शहाणपण मात्र आपल्याला पटलेले नाही, हेही न्यायाधीशांनी नोंदवून ठेवले. त्याच राज्यातील हिल्सबरो काउंटीत २०२३ मध्ये नव्या कायद्याच्या धास्तीने शेक्सपियर उताऱ्यांतून शिकवण्याचे ठरले. शेक्सपियरला मज्जाव नाही, असा खुलासा राज्याच्या शिक्षण खात्याला करावा लागला.

मराठी वाचकाला उताऱ्यांचे हे प्रकरण नवे नाही. महाराष्ट्राच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ आणि इब्सेनचे ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ यांचे अंश आहेत, बारावीत ‘द साइन ऑफ फोर’चा. मराठीच्या पुस्तकांतही कादंबरी येते ती वेच्यापुरती. शेक्सपियर मराठीत आला तो मात्र तो संपूर्ण वाचलेल्या माणसांच्या हातून: आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’, शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या वादाशी संबंध येतो तो एका कागदापुरता. अनेक शाळा वर्षाच्या आरंभी वाचनाची यादी घरी पाठवतात. एखाद्या पुस्तकाला पालकांची हरकत असल्यास त्यांनी तसे कळवायचे असते. मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे २०१७ मध्ये आठवीच्या धड्यातून काढलेली ‘मॉकिंगबर्ड’ काही आठवड्यांनी परत आली तीही अशाच चिठ्ठीवर: पालकांची सही असेल, त्याच मुलाने वाचायची. आपल्याकडच्या पालकांना शाळेचा कागद न वाचता सही करण्याची सवय असते, आणि त्यामुळे कित्येक चांगली पुस्तके मुलांपर्यंत पोहोचली असतील. ज्याच्या घरून हरकत येते, त्या मुलाला सहसा दुसरे पुस्तक दिले जाते. बाकीचा वर्ग टॉम रॉबिन्सनच्या खटल्यावर वाद घालत असताना ते मूल ग्रंथालयात एकटे बसून ते दुसरे पुस्तक वाचते.