एट्रुस्कन कार्यशाळेचे उत्खनन : पोज्जो चिविताते

प्राचीन इटलीतील एट्रुस्कन समाजाविषयीचे आपले ज्ञान प्रामुख्याने थडग्यांवर आधारलेले आहे. थडग्यांतून धनिकांचे वैभव दिसते. ते घडविणारे कारागीर मात्र अज्ञात राहतात. ही उणीव काही अंशी भरून काढणारे स्थळ म्हणजे सिएना शहराच्या दक्षिणेस, मुर्लो गावाजवळील पोज्जो चिविताते ही टेकडी होय. काइल फिलिप्स यांच्या नेतृत्वाखाली १९६६ मध्ये येथे उत्खननास प्रारंभ झाला.

पुढील काळात येथे इ. स. पूर्व सातव्या शतकातील एक कार्यशाळा उजेडात आली. सुमारे ५० मीटर लांबीच्या या वास्तूच्या बाजू खुल्या होत्या. दगडी तळखड्यांवरील खांबांनी तिचे कौलारू छप्पर तोलले होते. अर्धवट घडविलेल्या वस्तू व टाकाऊ तुकडे यांवरून हाड, शिंग व हस्तिदंत यांवरील कोरीवकाम, कांस्याचे ओतकाम आणि कौलनिर्मिती एकाच छपराखाली चालत असे, हे स्पष्ट होते.

शतकाच्या अखेरीच्या सुमारास ही वास्तू आगीत नष्ट झाली. त्या वेळी आत वाळत घातलेल्या ओल्या कौलांवर माणसांची पावले उमटलेली आढळतात. जीव वाचविण्यासाठी पळणाऱ्या कामगारांची ती असावीत, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. कच्ची माती एरवी पावसापाण्यात विरून गेली असती. आगीच्या धगीने ती भाजली गेली आणि पावलेही टिकली. ज्यांची नावे कोणत्याही थडग्यावर कोरली गेली नाहीत, त्या कामगारांचा प्रत्यक्ष पुरावा अशा प्रकारे त्या दुर्घटनेमुळेच उपलब्ध झाला आहे.