बुरशी, सेकंडहँड लेन्स आणि आपला पावसाळा

“सेकंडहँड लेन्स घेऊ नकोस, तिला बुरशी असतेच. शिवाय ती बॅगेत ठेवलीस की बाकीच्या लेन्सनाही लागते.” फोटोग्राफी शिकायला लागलेल्या प्रत्येकाला हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच. कधी दुकानदार, कधी लग्नाच्या ऑर्डरी घेणारे काका, तर कधी महिन्यापूर्वी पहिला कॅमेरा घेतलेला मित्र. मग पगारातून पैसे बाजूला टाकणारा एखादा मुलगा बऱ्याच कमी किमतीत मिळणारी धडधाकट लेन्स सोडून देतो आणि हप्त्यावर नवी घेतो. ती नवी लेन्स राहते कॅमेऱ्याच्या बॅगेत, बॅग कपाटात आणि कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकून. एकदोन पावसाळ्यांनी तिच्यात बुरशी दिसली की तो नशिबाला बोल लावतो. नशिबाचा इथे काडीचाही संबंध नाही. त्याला सल्लाच चुकीचा मिळाला होता, आणि तो सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो म्हणूनच त्याची चीड येते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात, दुकानाच्या काचेच्या कपाटात, लेन्स जुळवणाऱ्या कारखान्याबाहेरही. ते कोणी आणून सोडावे लागत नाहीत. जुलैमध्ये कपाटातल्या चामड्याच्या चपला आणि पट्टे पांढरे पडतात, तेव्हा कोणी बुरशी लागलेली चप्पल घरात आणलेली नसते. लेन्सचंही तसंच आहे. बुरशीला ओल, अंधार, साचलेली हवा आणि खायला थोडं काहीतरी मिळालं की पुरे. काच स्वतः तिचं अन्न नाही. काचेवर बसलेली धूळ, बोटाच्या ठशातलं तेल, कापडाचे तंतू आणि आतलं ग्रीस यांवर ती जगते.

यावर शंका असेल तर झाइस या जर्मन कंपनीचं ऐका. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी आणि लेन्स बनवणाऱ्या या दीडशेहून अधिक वर्षं जुन्या कंपनीने बुरशीसाठी लागणारी परिस्थिती आकड्यांत सांगून ठेवली आहे. आर्द्रता ७० टक्के किंवा त्याहून जास्त, तीही तीन दिवसांहून अधिक काळ. तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस. आणि हवा खेळती नसणं. आता हे आपल्या हवामानाशी ताडून पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कोकण आणि गोव्यात तर तीनचार महिने तेच. म्हणजे झाइसने सांगितलेली सगळी परिस्थिती जून ते सप्टेंबर आपल्या कपाटात आयती तयार असते. त्या कपाटात काल घेतलेली लेन्स ठेवली काय आणि वीस वर्षांची ठेवली काय, बुरशीला दोन्ही सारख्याच.

इतिहासातही याचा एक धडधडीत पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्य न्यू गिनीच्या जंगलांत लढत होतं, तेव्हा दुर्बिणी आणि नेम धरण्याची उपकरणं बुरशीमुळे अल्पावधीत निकामी होऊ लागली. यात खास युद्धासाठी नव्याने बनवलेला मालही होता. प्रश्न इतका गंभीर झाला की मेलबर्न विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जे. एस. टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यावर संशोधन करावं लागलं. उपकरणात आधीच बुरशीनाशक घालून ठेवणं हा त्यांनी शोधलेला एक उपाय होता. उपकरणाच्या नवेपणाने बुरशी थांबली असती, तर या संशोधनाची गरजच पडली नसती.

राहता राहिला संसर्ग. बुरशी लागलेल्या लेन्सजवळ बीजाणू जास्त असणार, हे खरं. म्हणून ती वेगळी ठेवायला हरकत नाही. पण शेजारची लेन्स कोरड्या डब्यात असेल तर तिला काही होत नाही, आणि ओल्या बॅगेत असेल तर शेजारी कोणी नसतानाही होतं. दुसऱ्या लेन्सला वाचवतो तो कोरडेपणा. बुरशीची एक लेन्स शोधून हद्दपार करायची आणि बाकीच्या त्याच बॅगेत ठेवायच्या, हा उपाय नव्हे.

तेव्हा वापरलेली लेन्स घेताना वयाआधी विचारा, की ही आजवर कुठे राहिली? नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. तिथे वर्षाचे बरेच महिने लेन्सला ओल माहीतच नसते. नागपूर-सोलापूरकडच्या घरातली पंधरा वर्षांची लेन्स रत्नागिरीतल्या कपाटात दोन पावसाळे पडून राहिलेल्या लेन्सपेक्षा अधिक निरोगी असण्याची शक्यता मोठी आहे. रोज वापरातली लेन्सही पेटीत जपून ठेवलेल्या लेन्सपेक्षा बरी. “अजिबात वापरलेली नाही, नुसती ठेवून होती” ही विकणाऱ्याची शिफारस असते. आपल्या हवेत ती धोक्याची सूचना समजावी.

यापुढे विश्वासाची गरज नाही, मोबाइलचा टॉर्च पुरतो. लेन्सची दोन्ही झाकणं काढा. अॅपर्चर पूर्ण उघडं हवं. निकॉनच्या एफ माउंटच्या बहुतेक लेन्समध्ये कॅमेऱ्यावरून काढल्यावर पाती मिटलेली असतात. मागच्या बाजूला छोटा धातूचा खटका असतो, तो बोटाने हलकेच सरकवून धरला की पाती उघडतात. खोलीत थोडा अंधार करा, टॉर्च मागून धरा आणि पुढून जरा तिरक्या कोनातून पाहा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. टॉर्चच्या उजेडात ती प्रत्येक लेन्समध्ये दिसते, घाबरू नका. बुरशीला फांद्या असतात. बहुतेकदा काचेच्या कडेपासून आत येणारे बारीक, पांढुरके, फाटे फुटलेले तंतू. सगळ्या काचेवर एकसारखी पुसट साय दिसली तर तो आतल्या ग्रीसच्या वाफेचा थर असू शकतो. कडेला तेलाच्या तवंगासारखा रंगीत डाग दिसला तर दोन काचा जोडणारा गोंद सुटू लागला आहे. अशी लेन्स सरळ परत द्या. शेवटी मागच्या माउंटवरच्या स्क्रूंची डोकी पाहा. ती खरवडलेली असतील तर लेन्स कधीतरी उघडली गेली आहे, आणि का उघडली हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बुरशी सापडलीच तर? पुढच्या किंवा मागच्या काचेच्या कडेला एखाददुसरा तंतू असेल तर चांगला कारागीर ती साफ करतो आणि फोटोत फरक दिसत नाही. सफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. बुरशी आम्ल सोडते, आणि फार दिवस राहिली तर कोटिंग आणि मग काचही कोरली जाते. तो डाग कुठल्याही सफाईने जात नाही. फोटोत अशा लेन्सचे तंतू दिसत नाहीत. रंग आणि काळेपणा फिका पडतो आणि उजेडासमोर धरली की चित्र धुरकट होतं. अशी लेन्स फुकट मिळाली तरच घ्यावी.

नवी असो वा जुनी, ठेवायची कशी, याचा खर्च अगदी थोडा आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शेजारी छोटा हायग्रोमीटर. हायग्रोमीटर नसेल तर तुम्ही अंदाजाने चाललेले असता, आणि जेल ओलं होऊन निकामी झालेलं कळतही नाही. आर्द्रता ६० च्या खाली हवी. ४० ते ५० उत्तम. ३० च्या खाली मात्र नेऊ नये, असंही झाइसच सांगते. रंग बदलणारं जेल तापवून पुन्हा वापरता येतं, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो; ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. लेन्स दोनतीनहून जास्त असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. सेकंडहँड लेन्समध्ये वाचलेले पैसे खर्च करायला याहून योग्य जागा नाही. कॅमेऱ्याची बॅग ही फक्त प्रवासाची जागा आहे. तिचा फोम ओल धरतो, आत अंधार असतो, आणि बुरशीला नेमकं तेच हवं असतं. उन्हात लेन्स ठेवून बुरशी मारण्याचा सल्लाही फिरतो. उन्हाने डाग जात नाही आणि भिंगातून आलेल्या उन्हाने आग मात्र लागू शकते.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत, पण तितकेच चिवट.

पुढच्या काचेवर बारीक चरा आहे म्हणून लेन्स बाद, असं नाही. ती काच फोकसपासून इतकी लांब असते की चरा चित्रात उमटत नाही, फार तर समोरून प्रकाश आल्यावर थोडं धुरकटतं. मागच्या काचेवरचा चरा मात्र गांभीर्याने घ्या. आकाशात दिसणारे करडे ठिपके लेन्सच्या धुळीचे नसतात; ते सेन्सरवरच्या धुळीचे असतात आणि एफ १६ सारख्या छोट्या अॅपर्चरला उठून दिसतात. त्यासाठी लेन्स उघडायला देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना कोणी अडवलं नाही याचं वाईट वाटतं. लेन्सचा “शटर काउंट” विचारू नका, शटर कॅमेऱ्यात असतं. काच जुनी झाली म्हणून तिची धार जात नाही. झिजतात ते मोटर, फिती आणि वंगण. कॅननच्या २४-१०५ एफ ४ एल या २००५ सालच्या लेन्समध्ये अॅपर्चरची लवचीक फीत तुटून ‘एरर ०१’ येणं कारागिरांच्या रोजच्या परिचयाचं आहे. तिची काच तेव्हाही ठणठणीत असते. जुन्या ताकुमारसारख्या काही लेन्समध्ये थोरियम घातलेली काच आहे, त्यामुळे ती पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने हा पिवळेपणा बराच उतरतो. तिचा किरणोत्सर्ग अंतराबरोबर झपाट्याने घटतो आणि फोटो काढण्यापुरता तो काळजीचा विषय नाही.

नवी म्हणजे निर्दोष, हा समज जरा सविस्तर खोडायला हवा. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणारी लेन्सरेंटल्स ही कंपनी रॉजर सिकाला यांनी सुरू केली. त्यांनी एकाच मॉडेलच्या कितीतरी प्रती ऑप्टिकल बेंचवर मोजून निष्कर्ष उघडपणे मांडले. दोन नव्या प्रती सारख्या नसतात, आणि झूम लेन्समध्ये हा फरक प्राइमपेक्षा, म्हणजे एकाच फोकल लांबीच्या लेन्सपेक्षा, मोठा असतो. म्हणून नवी घेतलीत तरी तपासा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर समोर ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही थोडे मऊ असले तर ठीक. एकच कोपरा वाहून गेलेला असेल तर आतली एखादी काच केंद्रात नाही. हीच परीक्षा जुन्या लेन्सलाही लावा.

वॉरंटीबद्दलही लोक फार गृहीत धरतात. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बुरशी धरलेलीच नसते. कार्डावरचा बारीक मजकूर वाचा. म्हणजे ज्या भीतीने नवी घेतली, त्याच गोष्टीला संरक्षण नाही. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा दिल्लीच्या चांदणी चौकात नवा, सीलबंद “इंपोर्टेड” पीस स्वस्तात मिळतो, पण पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर तो व्यवहार सेकंडहँडसारखाच समजून भाव करा.

सेकंडहँड बाजारात खरा फटका बसतो तो माउंट न पाहिल्यामुळे. निकॉनची ५० मिमी एफ १.८ डी स्वस्त आणि उत्तम लेन्स आहे, पण तिच्यात मोटर नाही. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडींवर ती ऑटोफोकस करत नाही, झेड बॉडीवर एफटीझेड अॅडॅप्टर लावूनही नाही. हाताने फोकस करणार असाल तर बिनधास्त घ्या. १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या निकॉन लेन्स काही डिजिटल बॉडींच्या माउंटवरचा खटका मोडू शकतात. फिल्मच्या काळातल्या काही सिग्मा लेन्स नव्या कॅनन बॉडीवर नुसता एरर देतात. म्हणून स्वतःची बॉडी सोबत नेल्याशिवाय लेन्स विकत घेऊ नका.

नवी कधी घ्यावी? लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पोट चालत असेल आणि ती लेन्स रोज बाहेर पडणार असेल, तर मोटर बिघडल्यावर सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहण्याचा हक्क पैशांहून मोलाचा ठरतो. ज्या मॉडेलचे सुटे भाग कंपनीने बंद केले आहेत ते व्यवसायासाठी घेऊ नये, काच कितीही सुंदर असली तरी. नवी आणि वापरलेली यांच्या किमतीत फरक थोडाच असेल तर नवी बरी. बाकी सगळ्यांनी, विशेषतः शिकणाऱ्यांनी, ५० मिमी आणि ३५ मिमी प्राइम वापरलेल्याच पाहाव्यात. जमलं तर ऑक्टोबरमध्ये पाहाव्यात, कारण त्या पावसाळ्यात लागलेली बुरशी तोवर टॉर्चखाली दिसू लागलेली असते. त्या पावसाळ्याआधीच्या मे महिन्यात कदाचित तिचा मागमूसही नसतो.